शेण मोजण्यापासून शेगडीपर्यंत: खानापूर भागातलं गोबरगॅसचं काम

गोबरगॅसचं काम शेण मोजण्यापासून सुरू होतं. खड्डा, विटा, अनुदान हे सगळं त्यानंतर. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुठल्याही घरी "जनावरं किती?" असं विचारलं की ओट्यावरून उत्तर येतं, "चार." चार जनावरं म्हणजे कागदावर २ घनमीटरचं, म्हणजे रोज तेवढा गॅस देणारं, सयंत्र आरामात बसतं. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो ताजं शेण लागतं, दोनला ५०. आणि म्हैस दिवसाला १२ ते १५ किलो शेण टाकते. हिशोब जुळला. पण जांबोटी, कणकुंबी, गुंजीकडची जनावरं सकाळी रानात जातात ती दिवेलागणीला परत येतात. निम्मं शेण रानातच पडतं. गोठ्यात हाताला लागतं ते फक्त रात्रीचं, आणि त्यातलंही थोडं शेणी थापायला, थोडं अंगण सारवायला जातं.

म्हणून आम्ही जनावरं मोजत नाही. आम्ही म्हणजे स्त्रीशक्ती संघातल्या (बायकांच्या बचत गटातल्या), गवंडीकाम आणि पाइपकाम शिकून घेतलेल्या बायका. गोठा काढणाऱ्या बाईला सांगतो, आठवडाभर रोज सकाळी किती बुट्ट्या निघतात ते भिंतीवर कोळशानं खुणा करून ठेवा, आणि त्यातली एक बुट्टी रेशन दुकानाच्या काट्यावर घालून या. सयंत्राचा आकार तिच्या आकड्यावर ठरतो. ओट्यावरच्या आकड्यावर बांधलेली मोठी सयंत्रं या भागात कमी नाहीत, आणि त्यातली कितीतरी आज पालापाचोळ्यानं भरलेली दिसतात. ५० किलोच्या टाकीत २५ किलो शेण घातलं तर गॅस २५ किलोचाच येतो. विटा-सिमेंटचा जादा खर्च तेवढा अंगावर पडतो. आणि त्या गॅसवर सकाळच्या भाकरी अर्ध्यात राहिल्या की घरातली मंडळी "गोबरगॅस चालत नाही" म्हणून मोकळी होतात. ३० किलोच्या आत शेण असेल तर १ घनमीटर बांधा. सकाळचा चहा, भाजी आणि निम्म्या भाकरी त्यावर होतात, आणि उरलेल्याला चूल किंवा सिलिंडर आहेच.

याच जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडे उलटं असतं. तिथे उसाच्या वाड्यावर आणि पेंडीवर बांधून ठेवलेल्या म्हशी असतात, शेण सगळं गोठ्यातच मिळतं. चार म्हशींवर २ घनमीटर सहज चालतं; तिथली अडचण जमिनीची. ती पुढे येईलच.

प्रकार कुठला घ्यायचा यावर फार घोळ घालू नये. खादी आयोगाचं लोखंडी तरंगत्या टोपीचं सयंत्र दिसायला समजायला सोपं: टोपी वर आली म्हणजे गॅस आहे. पण खानापूरच्या पावसात लोखंड गंजतं, दरवर्षी रंग लागतो, आणि ती टोपी महाग. रबरी पिशवीचं सयंत्र एका दिवसात बसतं. उंदीर, जनावराचं खूर आणि उन्हाळा यांच्यापुढे ते किती टिकतं हे ज्यानं त्यानं आपल्या गोठ्याकडे बघून ठरवावं. आम्ही बांधतो ते विटांच्या घुमटाचं दीनबंधू. अफप्रो या संस्थेनं १९८४ मध्ये हा नमुना आणला. पूर्ण जमिनीखाली, हलता भाग एकही नाही, आणि नीट बांधलं तर वीस-वीस वर्षं चालतं. नीट बांधलं तर.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागतो. जागा शेतात असेल तर पहाणी (सातबारासारखा जमिनीचा उतारा) मागतात, गावठाणात असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा, उतारा. बरोबर आधार, बँकेचं पासबुक आणि फोटो. मंजुरीच्या आधी खड्डा मारू नका, नाहीतर "जुनं बांधकाम" म्हणून अर्ज बाजूला पडतो. २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात १ घनमीटरला ९,८०० आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये असं केंद्राचं अनुदान धरलं होतं. रक्कम आणि नियम बदलत असतात, त्यामुळे पंचायतीत पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) किंवा कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चालू परिपत्रक मागून बघावं. साहित्य आणि मजुरीच्या निम्म्यालाही हे पैसे पुरत नाहीत, आणि ते काम झाल्यावर येतात. उतारा बहुतेक घरी सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो, म्हणून लाभार्थी तोच, प्रशिक्षणाला बोलावणंही त्यालाच. रोज शेण कालवणारीला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो हे कुणी दाखवत नाही. आम्ही काम घेतो तेव्हा पहिली अट ही की पाइप जोडताना आणि शेगडी पेटवताना स्वयंपाक करणारी बाई समोर हवी. ती शेतात गेली असेल तर थांबतो.

जागा बघताना चार गोष्टी: ऊन दिवसभर पडावं, गोठा जवळ असावा, स्वयंपाकघर लांब नसावं, आणि पिण्याच्या पाण्याची विहीर निदान १५ मीटर दूर असावी. जवळ फणस, वड, नारळ असलं झाड नको. मुळं भिंतीतून आत घुसतात. गोठा आणि स्वयंपाकघर दोन टोकांना असतील तर गोठ्याच्या बाजूला बांधा. पाइप लांबवता येतो, पण रोज ५० किलो शेण डोक्यावरून लांब नेण्याचा कंटाळा आठवड्यात येतो.

बांधकामाचा हंगाम फेब्रुवारी ते मे. खानापूरच्या पश्चिमेकडे जूनच्या मध्यापासून खड्ड्यात पाणी फुटतं आणि मग पंप लावूनही काम होत नाही. रिकामी टाकी जमिनीत असताना पाऊस लागला तर भोवतालचं पाणी ती खालून उचलतं, आणि घुमटाला तडा जातो. म्हणून मे संपायच्या आत टाकी शेणकाल्यानं भरलेली पाहिजे. मार्चमध्ये मंजुरी आली आणि सिमेंट मेच्या शेवटी आलं, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा असं आम्ही स्पष्ट सांगतो. लोक रुसतात.

२ घनमीटरसाठी खड्डा साधारण नऊ-साडेनऊ फूट रुंद, साडेसहा फूट खोल, तळ बशीसारखा खोलगट. जांभ्याच्या जमिनीत वरचा थर फोडायला पहारी मोडतात, पण भिंत उभी राहते. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत खणणं सोपं, मात्र कडा ढासळतात, आणि पावसात माती फुगून विटांना दाबते, उन्हाळ्यात भेगाळून आधार सोडते. तिथे खड्डा सगळीकडून फूटभर मोठा घ्यायचा आणि टाकीभोवती मुरूम भरून ठोकायचा. हा मुरूम वाचवला की दोन वर्षांत घुमट चिरतो.

साहित्य २ घनमीटरला असं: विटा हजाराच्या आसपास, सिमेंट १४ ते १६ पोती, वाळू आणि खडी, सहा इंची पाइपचा तुकडा शेण आत जायला, आणि घुमटाच्या माथ्यावर बसवायची गॅसची लोखंडी नळी. खानापूर मातीकामाला नावाजलेलं आहे, खादी आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था इथेच आहे, तरीही भट्टीवरच्या सगळ्या विटा घुमटाच्या लायकीच्या नसतात. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. खणखणीत आवाज आला तर घ्यायच्या, बद्द आला तर परत. बांधायच्या आधी विटा पाण्यात बुडवून ठेवायच्या, नाहीतर त्या सिमेंटचं पाणी पिऊन टाकतात आणि सांधा भुसभुशीत राहतो. जांभा चिरा घुमटाला चालत नाही, तो सच्छिद्र असतो. कालवायच्या हौदाला आणि स्लरीच्या (गॅस निघाल्यावर बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाच्या) खड्ड्याला खुशाल वापरा.

घुमट बांधताना खाली फळ्यांचा साचा नसतो, आणि बघणाऱ्याला तेच खरं वाटत नाही. तळाचं काँक्रीट घट्ट झालं की मधोमध एक खुंट उभा करायचा, त्याच्या डोक्यावर खिळा, आणि खिळ्याला टाकीच्या त्रिज्येएवढी दोरी. प्रत्येक वीट लावताना दोरी ताणून तिच्या आतल्या कडेला टेकते का बघायचं. दोरी सैल पडली तर वीट आत आली, पोचली नाही तर बाहेर गेली. खालच्या रांगा सरळ जातात. वर जाईल तशी वीट कलते आणि घसरायला बघते. तिथे प्रत्येक विटेला लोखंडी आकडा अडकवून त्याला मागच्या बाजूला दगड लटकवायचा. रांग पूर्ण झाली की विटा एकमेकींना धरतात, मग आकडे काढून पुढच्या रांगेला. शेवटच्या रांगेत गॅसची नळी बसते. नळीच्या खालच्या भागाला आडव्या सळ्या वेल्ड केलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर पुढे कुणी पाना लावून व्हॉल्व्ह फिरवला की अख्खी नळीच फिरते आणि भोवतीचं सिमेंट सुटतं. त्या सळ्या नसलेली नळी स्वस्त मिळते. घेऊ नका.

या कामात बाईचा हात चालतो का, असं गवंडी विचारतात. दोरी आणि ओळंबा बघायला ताकद लागत नाही, सबुरी लागते. ताकद लागते विटा उचलायला, आणि ते काम बायका आधीपासून निम्म्या मजुरीत करतच आहेत.

आतला गिलावा हा दीनबंधूचा जीव. बाहेरून घुमट कितीही सुबक असला तरी गॅस अडतो तो आतल्या गिलाव्यानं. आम्ही १:३ चं मिश्रण घेतो, वाळू चाळून, आणि एका दमात जाड थर न देता दोन-तीन पातळ थर देतो. शेवटी नुसत्या सिमेंटची घोटाई. घुमटाचा गिलावा एका दिवसात सलग झाला पाहिजे; आज अर्धा, उद्या अर्धा केला तर त्या जोडरेषेतून गॅस निघतो. निदान दहा दिवस पाणी मारायचं. पूर्ण वाळल्यावर गॅस साठतो तेवढ्या भागाला काळ्या रंगाचे दोन हात. बंद घुमटात रंगाच्या वासानं चक्कर येते, म्हणून एकटीनं आत उतरायचं नाही. एक आत, एक दारात उभी, दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची.

मग चाचणी, जी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. टाकीत पाणी भरायचं, माथ्याच्या नळीला पारदर्शक नळीचा यू लावायचा, त्यात थोडं रंगीत पाणी. टाकीत आणखी पाणी सोडलं की अडकलेली हवा दाबली जाते आणि यू नळीत एका बाजूचं पाणी वर चढतं. तिथे खूण करायची आणि एक दिवस सोडायचं. दुसऱ्या दिवशी बोटभर खाली आलं तर चालतं, सगळं उतरलं तर घुमट गळका. गळती कुठून आहे हे बाहेरून साबणाचा फेस लावला की कळतं: तडा असेल तिथे बारीक बुडबुड्यांची माळ धरते. एप्रिलमध्ये चार-साडेचार हजार लिटर पाणी आणायचं कुठून, हा खरा प्रश्न असतो. पण हेच पाणी नंतर पंपानं उपसून भाजीला किंवा झाडांना देता येतं आणि थोडं भरणीला ठेवता येतं. चाचणी न करता माती टाकलेला घुमट नंतर उकरायचा म्हणजे सगळ्यांचीच तोंडं वाकडी.

चाचणी झाली की घुमटावर निदान फूटभर माती, थराथरानं ठोकून. ही माती शोभेची नाही. आतून गॅसचा दाब वर रेटतो आणि विटांच्या घुमटाला तो सोसत नाही. वरचं ओझं तो दाब परतवतं. पावसात माती धुपली तर परत टाकायची.

आता पाइप. गोबरगॅस ओला असतो. टाकीतून निघताना त्यात वाफ असते, आणि पाइप गार झाला की आत पाणी जमतं. म्हणून पाइपला उतार हवा, १० मीटरला निदान १० सेंटिमीटर, आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायची तोटी. मधे कुठे झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि ज्योत नाचायला लागते. खिडकीवरून, दाराच्या चौकटीवरून वरखाली नेलेला पाइप हमखास असा झोळ धरतो. अंतर २० मीटरच्या आत असेल तर अर्धा इंची पुरतो, त्यापुढे पाऊण इंची. उघड्यावरचा प्लॅस्टिकचा पाइप उन्हानं तडकतो आणि उंदीर कुरतडतात, म्हणून जमिनीखाली किंवा भिंतीला धरून सावलीतून न्यायचा.

पाणी काढायला काही ठिकाणी बाटलीत बुडवलेली छोटी यू नळी लावतात. लोखंडी टोपीच्या सयंत्राला ती चालते, कारण तिथे दाब पाण्याच्या दहाएक सेंटिमीटरचाच असतो. दीनबंधूत भरल्या टाकीचा दाब ८०-९० सेंटिमीटरपर्यंत चढतो. वीतभर यू नळीतलं पाणी तो उडवून लावतो आणि मग तिथून गॅस मोकाट सुटतो. रात्री घरात वास येतो आणि लोकांना वाटतं शेगडी गळतेय. दीनबंधूला साधी तोटीच लावा, आणि आठवड्यातून एकदा ती उघडून खाली वाटी धरा.

शेगडी गोबरगॅसचीच घ्या. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, तिच्यावर गोबरगॅसची ज्योत मिणमिणती राहते. मग कुणीतरी ड्रिलनं भोक मोठं करून देतो. काही महिन्यांनी गॅस कमी पडला की त्याच शेगडीला सिलिंडर जोडला जातो, आणि हातभर ज्वाळा उठते. भोक मोठं केलेली शेगडी परत सिलिंडरला लावायची नाही, हे आम्ही त्या शेगडीवरच ऑइलपेंटनं लिहून देतो.

पहिली भरणी म्हणजे मोठं काम. २ घनमीटरच्या टाकीला चारेक हजार लिटर शेणकाला लागतो: दोन टनांच्या आसपास शेण आणि तेवढंच पाणी. एका घरचं शेण साठवत बसलं तर महिना जातो, आणि तोवर आधीचं वाळून जातं. वाळलेल्या शेणाला गॅस नाही. म्हणून वाडीतल्या घरांकडून शेण मागावं लागतं. इथे पुरुषांनी मागितलं तर "बघू" म्हणतात. बायकांनी आधी आपल्यात ठरवलं की दोन-तीन दिवसांत ट्रॉली भरते, कारण शेणी थापणाऱ्या त्याच. शक्य असेल तर जवळच्या चालू सयंत्रातल्या स्लरीचे चारपाच डबे आणून घालावेत. त्यात गॅस करणारे जंतू तयार असतात, काम लवकर सुरू होतं. शेणात खडे, माती, भाताचा पेंढा दिसला की काढून टाकायचा. माती तळाला बसते आणि काढता येत नाही. पेंढा वर तरंगून साय धरतो.

भरणी झाली की रोजचं शेण लगेच सुरू करायचं नाही. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गॅस धरतो. पहिला गॅस जळत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, शिवाय घुमटात राहिलेली हवा मिसळलेली असते, आणि हवा मिसळलेला गॅस स्फोटक. तो व्हॉल्व्ह उघडून मोकळ्या हवेत सोडून द्यायचा, बिडी-काडी जवळ नाही. असं एकदोनदा केल्यावर मगच शेगडीवर काडी लावायची, खिडक्या उघड्या ठेवून. टाकीच्या नळीजवळ काडी लावून "गॅस आला का" बघायचं नाही. कधीच नाही. ज्योत निळी धरली की रोजचं शेण सुरू.

रोजचं कालवणं अर्ध्या तासाचं काम. ५० किलो शेणाला ५० लिटर पाणी. काला भज्यांच्या पिठासारखा हवा: हातातून सरसर पडावा पण पाण्यासारखा पळू नये. पाणी जास्त झालं तर शेण आत थर धरतं, घट्ट राहिलं तर पुढे सरकत नाही. हौदाचं भोक तळापेक्षा दोन-तीन बोटं वर ठेवलेलं असेल तर खडे मागे राहतात. बुच्चा लावून कालवायचं, क्षणभर थांबायचं, मग बुच्चा काढायचा. ५० लिटर म्हणजे चारपाच घागरी. एप्रिलमध्ये ही चारपाच घागरी पाणी कोण आणणार याचा विचार सर्वेक्षणाच्या वेळीच करावा. जनावरांचं मूत आणि गोठा धुतलेलं पाणी चालतं, मात्र त्यात फिनेल, साबण, ब्लिचिंग नको. जनावराला दवाखान्यातलं अँटिबायोटिक चालू असेल तर त्याचं शेण तितके दिवस वेगळं काढून उकिरड्यावर टाका. टाकीतले जंतू त्यानं मरतात.

२ घनमीटर गॅसवर एक मोठा बर्नर चार-सव्वाचार तास चालतो. पण हे सलग नाही. दीनबंधूच्या घुमटात दिवसाच्या गॅसपैकी तिसरा हिस्साच मावतो, बाकीचा वापरला नाही तर स्लरीच्या खड्ड्यातून बुडबुडे येऊन निघून जातो. म्हणून सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास अशी विभागणीच जमते. गणपतीत पाहुणे येणार म्हणून दोन दिवस गॅस साठवून ठेवू, हे होत नाही. वाया जाणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. तेव्हा मोठी टाकी बांधून गॅस हवेत सोडणाऱ्यापेक्षा चुलीवर शेणी जाळणारी बरी, असं आमच्यातल्या एकदोघी चिडून म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, चुलीचा धूर तिच्याच छातीत जातो. पण मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे.

तक्रारीचा फोन आला की आम्ही ठरलेल्या क्रमानं विचारतो. "वैनी, ज्योत नाचते की बारीक येते?" नाचत असेल तर पाइपात पाणी, तोटी उघडा. "बारीकच येते, आणि सकाळपासून तशीच." "खड्ड्यातली स्लरी वर आलीय की खाली?" वर आली असेल तर टाकीत गॅस आहे, वाट कुठेतरी अडलीय: व्हॉल्व्ह, पाइप किंवा शेगडीचं भोक. स्लरी खालीच असेल तर गॅस तयारच होत नाही किंवा गळतोय. "काल्याला वास कसला येतो?" आंबट असेल तर शेण जास्त झालं, चारपाच दिवस भरणी बंद ठेवा, थोडी चुन्याची निवळी घाला. "ज्योत पिवळी आणि भांडं काळं होतं." मग शेगडीची हवेची झडप उघडा. "ज्योत उडून विझते." मग तीच झडप थोडी लावा. निम्म्याहून जास्त तक्रारी फोनवरच मिटतात, पण त्यासाठी फोनच्या त्या टोकाला झडप कुठे आहे हे माहीत असलेली बाई हवी. नवऱ्याशी बोलून यातलं काही होत नाही. त्याला स्लरी वर आहे का खाली हे बघायला जावं लागतं, आणि तो जात नाही.

डिसेंबर-जानेवारीत गॅस कमी येतो, त्याची तक्रार नाही. रात्री गारठा पडतो तेव्हा जंतू मंदावतात. घुमटावर भाताचा पेंढा पसरायचा आणि कालवायला उन्हात ठेवलेलं कोमट पाणी घ्यायचं, थोडा फरक पडतो.

पितळेचे व्हॉल्व्ह दोन-तीन वर्षांत हिरवे पडून घट्ट होतात. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तोच, त्यांना खातो. चांगला बॉल व्हॉल्व्ह घ्या आणि महिन्यातून एकदा फिरवत राहा.

बाहेर पडणारी स्लरी रोज भरलेल्या शेणकाल्याएवढीच असते. खड्ड्यात ती तशीच साठू दिली तर बाहेरची वाट तुंबते, आतली पातळी चढते आणि शेणकाला गॅसच्या नळीत शिरतो. मग नळी काढून सळईनं साफ करावी लागते. भातशेतीत स्लरी पाटाच्या पाण्यातून सोडता येते. ऊसवाल्यांनी पाचटावर ओतली तर पाचट लवकर कुजतं. उघड्यावर वाळवली तर त्यातलं नत्र उडतं, म्हणून सावलीत. स्लरीच्या खड्ड्यावर फरश्या हव्यातच. वासरू किंवा लहान मूल पडलं तर वर येत नाही.

तळाला माती साठून टाकी उपसायची वेळ काही वर्षांनी येते. त्या टाकीत माणूस उतरवू नका, रिकामी दिसली तरी. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तळाला अडकून राहतात, आणि पहिला पडला की त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. वरून पंपानं आणि बादलीनं उपसायचं, झाकण काढून दिवसचे दिवस मोकळं ठेवायचं. "काही होत नाही, मी उतरतो" असं म्हणणारा घरात असेल तर आम्ही ते काम घेत नाही.

पैशाचं बोलायला लोक लाजतात, आम्ही लाजत नाही. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्था इरेना हिच्या २०१९ च्या अहवालात जगभरातल्या अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात बायकांचं प्रमाण ३२ टक्के दिलं आहे, तेल-वायूच्या क्षेत्रात २२. रोज सकाळी ५० किलो शेण कालवणारी बाई त्या ३२ टक्क्यांत नाही, कारण तिला कुणी कामावर ठेवलेलं नाही. तिच्या शेणावर दुसऱ्याच्या नावचं अनुदान निघतं. देखभालीसाठी सरकारी योजनेत सुरुवातीची काही वर्षं ठेकेदार बांधलेला असतो. तो एकदा येऊन सही घेऊन जातो. त्यामुळे आम्ही घरटी वर्षाची फी ठरवली आहे. त्यात दोन फेऱ्या: एक मेमध्ये पावसाच्या आधी, तोटी, व्हॉल्व्ह आणि घुमटावरची माती बघायला, दुसरी दिवाळीनंतर. साबण, यू नळी, पाना, शेगडीच्या भोकाची सुई आणि दोन जादा व्हॉल्व्ह एवढं पिशवीत असतं. व्हॉल्व्हचे पैसे वेगळे. फी रोख देता येत नसेल तर स्लरी चालते, ट्रॉलीवर मोजून. ती संघाच्या भाजीच्या वाफ्यांना जाते. आणि पावती फाडतो ती गोठा काढणारीच्या नावानं.